माहूरची देवी, मुखेडची चावी

चौथी शिकलेल्या बाईचं संगणकाच्या हापिसात काय काम असणार? झाडू मारायचं. माझ्या जावेचा शेवटपर्यंत हाच समज होता आणि मीही तो कधी दूर केला नाही. झाडणारीकडे कोणी "आमच्या पोराला तिथं चिकटवा" म्हणून येत नाही, एवढा तरी फायदा. खरं म्हणजे मी तिथं यंत्रं उठवायचं काम करत होते. झाडायला दुसरी बाई होती आणि ती माझ्यापेक्षा जास्त रजा घ्यायची.

नांदेडला एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर बालाजीचं हापीस होतं. बालाजी मूळचा जळकोटकडचा. हैदराबादेत मोठ्या कंपनीत नोकरी करून कंटाळला आणि इकडे येऊन त्यानं स्वतःचं सुरू केलं. त्याच्या हापिसात मी डबे पोचवत असे. एकदा डबे घेऊन गेले तर साहेब पोरांवर तापलेले. पोरांनी यंत्र न बघताच "बघितलं, ठीक आहे" असं लिहून दिलं होतं, कारण बघायच्या वेळी ती आपापल्या मोबाइलात होती. बालाजी माझ्याकडे वळला.

"काकू, तुमच्याकडं मोबाइल हाय का?"

"हाय की. फोन आला तर घेते, न्हाई आला तर पडलेला असतो."

"उद्यापासून कामाला या."

अशी माझी नेमणूक झाली. परीक्षा नाही, मुलाखत नाही. डबे भाच्याच्या बायकोकडे सोपवले. ती मीठ जास्त टाकते, पण तो वेगळा विषय.

आता काम काय ते सांगते. हापिसात एक मोठं दणकट यंत्र असे आणि त्याच्या पोटात बरीच खोटी यंत्रं चालत. खोटी म्हणजे त्यांना ना पत्र्याचा डबा, ना पंखा. सगळा कारभार प्रोग्रामचा, पण आतल्या बिचाऱ्याला वाटतं आपण खरंच एका टेबलावर बसलेलो आहोत. हापिसात त्याला व्हीएम म्हणत. कशाला हवं असलं सोंग? तर लोकांकडे जुने प्रोग्राम असतात. लातूरच्या डाळमिलवाल्याचा वजनाचा प्रोग्राम, कुठल्या क्लासवाल्याचा निकाल छापायचा प्रोग्राम. ते ज्या जुन्या संगणकावर चालत तो मरतो आणि नव्यावर ते चालत नाहीत. मग बालाजी नवा डबा नेऊन द्यायचा आणि त्याच्या पोटात जुनं यंत्र जसंच्या तसं बसवून द्यायचा. गिऱ्हाइकाला पडद्यावर तेच जुनं निळं-हिरवं चित्र दिसायचं आणि तो खूश.

हे आतलं यंत्र सकाळी उठतं तेव्हा त्याला काहीच माहीत नसतं. आपल्याला मेंदू किती, जागा किती, घड्याळ कुठं, बंद व्हायचं बटण कुठं, आपल्याला बनवलं कोणी. हे सगळं त्याला एक छोटा प्रोग्राम सांगतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. तो तोंडानं बोलत नाही, तक्ते पुढे करतो. घड्याळाचा तक्ता, बटणांचा तक्ता, असे बरेच. यंत्र ते वाचतं आणि त्यावर विश्वास ठेवून उठतं.

गंमत अशी की हे तक्ते अधूनमधून बदलावे लागतात. नवी सोय येते, जुनी चूक सापडते. आणि तक्ता बदलला की कोणतं ना कोणतं म्हातारं यंत्र रुसतं. एसटी स्टँडवर बघा. फलाटावरची पाटी बदलली तर नवा प्रवासी पाटी वाचून बरोबर गाडीत बसतो. जो बाबा वर्षानुवर्षं पाटी न वाचता त्याच फलाटावरून मुखेडच्या गाडीत चढत आला, तो डोळे मिटून देगलूरला जातो. चूक त्याची की पाटी बदलणाऱ्याची, यावर वाद घालत बसा. तोवर तो देगलूरला पोचलेला असतो.

म्हणून मी. इंजिनियर लोकांनी तक्त्याला हात लावला की मी एकेक जुनं यंत्र उठवून बघायचे. पडदा काळाच राहिला, निळा पडून पांढरी अक्षरं आली, "नवीन वस्तू सापडली" म्हणून पाटी आली, की हाक मारायची. इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, लागतही नव्हतं. रोजचं तोंड आणि रडकं तोंड यातला फरक ओळखायला इंग्रजी कशाला?

एकेकाच्या तऱ्हा वेगळ्या. एक यंत्र "बंद हो" म्हटलं की सगळं आवरायचं, निरोप घ्यायचं आणि मग बंदच व्हायचं नाही. "येतो बरं का" म्हणून उंबऱ्यात तासभर उभे राहणारे पाहुणे असतात, तसं. बटणाच्या तक्त्यात कोणीतरी एक ओळ सरकवली होती. दुसऱ्याला चालू स्थितीतच एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हलवावं लागे. झोपलेल्या माणसाला बाजेसकट उचलण्यासारखं हे. नव्या खोलीत बाजेची जागा वीतभर लांब नाहीतर आखूड निघाली की हे यंत्र तिथंच अडायचं. म्हणून तक्त्यांना पुढची सोय म्हणून रिकामी जागा सोडत. सगळ्याच तक्त्यांना मोकळं-ढाकळं घर. माणसांना दोन खोल्या मिळेनात, तक्त्यांना पडव्या.

सुरुवातीला आमच्याकडे शिस्त नव्हती. ती आली जळकोटच्या फोटोवाल्यामुळे. लग्नाचे अल्बम बनवायचा एक जुना प्रोग्राम त्याच्याकडे होता, हात बसलेला. आमच्याकडून डिस्कची जागा सांगणारी ओळ बदलली आणि त्या प्रोग्रामनं जे तोंड फिरवलं ते कायमचं. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, प्रोग्रामच्या कुलपाचा आकडा कोणाला माहीत नाही. बालाजीनं बरीच खटपट केली, शेवटी हात टेकले. तो माणूस आता मोबाइलची कव्हरं विकतो. मी एकदा त्याच्याकडून कव्हर घेतलं. त्यानं ओळख दाखवली नाही, मीही दाखवली नाही.

त्यानंतर बालाजीच्या हाताखालच्या सुनीतानं दोन नियम घातले. सुनीता लातूरची, बारीक अंगाची आणि हट्टी. पहिला नियम असा: प्रत्येक आतल्या यंत्रावर त्याच्या जन्माचा शिक्का असेल आणि ज्या वेळचा जन्म, त्या वेळचेच तक्ते त्याला मिळतील. नवे तक्ते नव्यानं जन्मणाऱ्यांना. दुसरा नियम: तक्त्याला हात लावण्याआधी त्याचं नाव दाराजवळच्या फळ्यावर खडूनं लिहायचं. मग बदल करायचा. मग जुने जपून ठेवलेले तक्ते आणि नवे समोरासमोर ठेवून यंत्राकडून ताडून घ्यायचे. फळ्यावर नाव असलेल्यात फरक दिसला तर ठीक. नाव नसलेल्यात दिसला तर कोणाच्या तरी हातून घाण झालेली आहे. सगळं झालं की फळा पुसायचा. आधी सांग, मग कर, मग बघ, मग पुस. आमच्याकडे लग्नसुद्धा याच्या उलट्या क्रमानं करतात.

हे बरीच वर्षं नीट चाललं. मग बालाजीला देवीनं बोलावलं.

त्याला एक मोठं काम मिळालं, म्हणून तो नवस फेडायला माहूरला गेला. येताना तांबूल आणला, हापिसात सगळ्यांना वाटला. सगळ्यांची तोंडं लाल. त्या भरात साहेब यंत्रासमोर बसले. प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर "बनवणारा कोण" यासाठी इंग्रजी सहा अक्षरांची जागा असते. आमच्या तक्त्यांत तिथं कोणा परदेशी माणसानं कधीकाळी घातलेलं पाच अक्षरांचं एक नाव होतं आणि सहावी जागा कोरी. त्या नावाचा अर्थ आमच्यात कोणालाच माहीत नव्हता. बालाजीनं बोटावर अक्षरं मोजली. रेणुका इंग्रजीत लिहिलं की बरोबर सहा. त्याला तो कौलच वाटला. ते परकं नाव काढून त्यानं देवीचं नाव घातलं. जुन्याला, नव्याला, सगळ्यांनाच. देवीचं नाव घ्यायला जन्माची अट कशाला?

सुनीता म्हणाली, "सर, फळ्यावर लिहा आधी."

"देवीचं नाव फळ्यावर लिहू? नंतर ते पुसणार कोन?"

एवढंच. तक्त्यात बदल फळ्यावर न लिहिता झाला, कारण लिहिलं असतं तर पुसावं लागलं असतं. ताडणीच्या यंत्रानं प्रत्येक तक्ता लाल करून दाखवला. बालाजी म्हणाला, हा दोष नाही, नवंच बरोबर धर. सुनीतानं धरलं. पगार त्याच्या हातात होता. मग मी सगळी जुनी यंत्रं एकेक करून उठवली. सगळी गपगुमान उठली, मी सगळी पास केली. कोणाच्या कपाळावर कोणाचं नाव आहे हे बघायला मला ठेवलेलं नव्हतं.

अपडेट गिऱ्हाइकांकडे गेलं. लगेच काहीच झालं नाही, कारण नवे तक्ते यंत्र पूर्ण बंद करून चालू केल्यावरच मिळतात आणि आमची गिऱ्हाइकं यंत्र बंद करणारी नव्हती. मधल्या काळात लातूरच्या एका क्लासवाल्यानं आमच्याकडून बरीच नवी यंत्रं घेतली, देवीच्या नावाची. ती मस्त चालली.

मग मुखेडहून हाश्मीभाईंचा फोन आला.

हाश्मीभाईंचं मुखेडला बाजाराच्या रस्त्यावर कानाच्या मशीनचं दुकान. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यातली म्हातारी माणसं येणार, कानातलं मशीन काढून देणार आणि हे ते वायरनं संगणकाला जोडून ज्याच्या-त्याच्या कानाप्रमाणे लावून देणार. जुन्या धाटणीची ती मशीनं फक्त त्यांच्याकडच्या एका जुन्या प्रोग्रामलाच समजत. त्या प्रोग्रामला एक चावी होती. चावी म्हणजे बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा तुकडा, डब्याला मागून टोचलेला. विकणारा स्वतः येऊन, आमच्या यंत्राच्या तक्त्यातलं बनवणाऱ्याचं त्या वेळचं नाव चावीत भरून गेला होता. नंतर त्यानं धंदा गुंडाळला. प्रोग्राम उघडताना चावी यंत्राला तेच नाव विचारे. जुळलं तर उघडे. न जुळलं तर एक संधी कापे. सगळ्या संधी संपल्या की चावी मेली. मग दुकानही मेलं आणि सगळ्या म्हाताऱ्यांची मशीनं कचऱ्यात. नवीन मशीन घेणारी माणसं हाश्मीभाईंकडे येतच नाहीत, ती लातूरला जातात.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. फोनवर हाश्मीभाई एवढंच म्हणाले, "चंद्राबाई, दुकानाला रंग दिला म्हनून मशीन बंद केलो होतो. आता चालू केलो तर ते मला वळखंना झालंय. लाल पाटी येऊन राहिली."

"मग काय केलाव?"

"बंद करके चालू केलो. परत लाल. परत बंद-चालू केलो."

"पाटीवर आकडा हाय का काही?"

"हाय की. पयले चार होता. आता दोन हाय."

मी सुनीताला फोन दिला. तिनं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. फोनवर हात ठेवून ती म्हणाली, "मावशी, यांना खटक्याला हात लावू देऊ नका. जळकोट होईल."

मी हाश्मीभाईंना सांगितलं, "आता हात खिशात घाला आन् काढू नका."

"पन् एकदा बंद-चालू करून बघितलं तर..."

"हाश्मीभाई, नक्को."

हापिसात पंचायत बसली. मी म्हटलं, त्यात काय, देवीचं नाव सगळीकडून काढा, जुनं घाला, संपलं. सुनीतानं मान हलवली. लातूरच्या क्लासवाल्याची यंत्रं देवीच्याच नावानं जन्मलेली. त्यांच्या प्रोग्रामनी तेच नाव ओळखीचं म्हणून धरलेलं. सरसकट पुसलं तर मुखेड उघडेल आणि लातूर बंद पडेल. म्हणजे माझा उपाय बालाजीच्या चुकीइतकाच अडाणी होता, फक्त उलट्या दिशेनं. सुनीता म्हणाली, देवीच्या आधी जन्मलेल्यांना जुनं नाव परत द्यायचं, देवीच्या नंतरच्यांना देवी ठेवायची. आपलाच नियम, मोडला होता तो जोडायचा.

बालाजी म्हणाला, "एकदा दिलेलं नाव काढायचं म्हंजी... काकू, आईनं ऐकलं तर?"

"तुझी आई काय तक्ते वाचते?"

"गडावर फोन लावून गुरुजींना विचारतो."

"विचार. तवर हाश्मीभाई खटका दाबतो. त्याचा हात लई वेळ खिशात राहत न्हाई."

"काकू, देवीची चेष्टा नका करू."

"मी कशाला करू? तू केलास. गडावर ऐसपैस बसलेली बाई, तिला आणून सहा खणात कोंबलास. तिला इचारलास का, की बाई, तुला मुखेडच्या म्हाताऱ्यांच्या कानात बोळा घालायचाय का?"

सुनीता खाली बघत होती. हसू दाबत होती की रडू, ते मला कळलं नाही. बालाजी उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. "करा," म्हणाला. "पन् ते काढायचं बटन मी दाबनार न्हाई."

सुनीता माझ्याकडे बघू लागली. तिलाही दाबायचं नव्हतं. एवढी शिकलेली पोरगी, पण बोट पुढं होईना.

"कुठलं बटन?" मी विचारलं. तिनं दाखवलं. मी दाबलं. "माझ्यावर देवी कोपायची ती कोपून झाली," मी म्हटलं, "म्हनून तर म्हातारपनी तुमच्या हापिसात बसलेय."

या वेळी बटन दाबायच्या आधी फळ्यावर लिहिलं होतं. सुनीतानं लिहिलं आणि नाव सोडून नुसतं "बनवणारा" एवढंच लिहिलं. देवीच्या आधीच्या जपलेल्या तक्त्यांशी ताडणी लावली तर जुन्या यंत्रांचे तक्ते परत लाल. काय झालं? जुनं नाव पाच अक्षरांचं, सहावी जागा कोरी, हे मघाशी सांगितलं. ती कोरी जागा सुनीतानं वेगळ्या तऱ्हेनं कोरी ठेवली होती. आपल्याला दोन्ही सारखंच दिसतं. पण पाटीवर काहीच न लिहिणं वेगळं आणि पुसून ठेवणं वेगळं, असं काहीतरी ती म्हणाली. चावीनं ते पकडलं असतं आणि एक संधी खाल्ली असती. सुनीतानं नीट केलं. सगळं हिरवं आलं. मी सगळी जुनी यंत्रं परत उठवली. उठली. पण आमच्याकडे ती चावी नव्हती. खरी परीक्षा मुखेडलाच.

दुसऱ्या दिवशी मुखेडचा बाजार. सुनीता आणि मी मुखेडची एसटी धरली. मी कशाला? खटक्यावर पहारा द्यायला. त्याच वेळी बालाजी माहूरच्या गाडीत बसला, देवीची ओटी भरून माफी मागायला. आम्ही खाली, तो वर. स्टँडवर त्यानं सुनीताला सांगितलं, "काय लागलं तर फोन कर." गडावर त्याच्या फोनला रेंज नसते, हे त्यानंच आधी सांगितलं होतं.

दुकानात पोचलो तर हाश्मीभाई दारातच उभे. दोन्ही हात खरंच खिशात. चेहरा मात्र चोरी सापडल्यासारखा.

"काय केलाव?" मी विचारलं.

"म्या न्हाई केलो. अल्लाकसम. रंगासाठी इन्व्हर्टर काढून ठेवलेला. लाइट गेली, आली. मशीन आपोआप चालू झालं. प्रोग्रामबी आपोआप उघडला."

पाटीवर आकडा एक.

बाकावर एक म्हातारी बसली होती. रखमाबाई, मुखेडजवळच्याच खेड्यातली. पहिल्या गाडीनं आलेली. मांडीवर रुमालाची गाठ, गाठीत तिचं कानाचं मशीन. हाश्मीभाईंनी तिला खुणेनं बरंच काही सांगून पाहिलेलं असावं, कारण ती त्यांच्याकडे लबाड माणसाकडे बघावं तसं बघत होती. मला बघून तिनं विचारलं, "तू बी बहिरी का?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग सुनीताला म्हटलं, "म्हातारी खडूस हाय. हिला ऐकू नाही आलं तरी हिच्या सुनेचं काय बिघडनार न्हाई, उलट घरात शांतता. पन् तू कर लवकर."

सुनीतानं लगेच काही केलं नाही. आधी तिनं डब्यामागची चावी उपटली. हाश्मीभाई "अरे अरे" म्हणत पुढे झाले. मी त्यांना कोपरानं मागं सारलं. सुनीता म्हणाली, चावी नसली तर प्रोग्राम नुसतं "चावी लावा" म्हणतो, संधी कापत नाही. तेवढ्यात आपण यंत्र उठवून, त्याला आपलं कोणतं नाव कळलंय ते बघून घेऊ. तिनं नवं अपडेट घातलं, यंत्र पूर्ण बंद केलं, चालू केलं. मी पडद्याकडे बघत बसले. माझं कामच ते. निळं-हिरवं चित्र आलं. रोजचं तोंड.

तिनं एक खिडकी उघडून त्यात बनवणाऱ्याचं नाव बघितलं. ते परकं, कोणालाच अर्थ न कळणारं नाव परत आलेलं होतं. मग तिनं हापिसातून आणलेल्या कागदाशी एकेक अक्षर ताडलं. कोरी जागासुद्धा ताडली. मग चावी हातात घेतली आणि तशीच उभी राहिली.

"मावशी, न्हाई उघडलं तर?"

"तर हाश्मीभाई मोबाइलची कव्हरं इकतील. जळकोटवाल्याला जोडीदार."

"मावशी."

"अगं टोच. आकडा एक हाय, तो उभं राहून दोन व्हायचा न्हाई."

तिनं चावी टोचली. प्रोग्राम उघडायला नेहमीच वेळ लागायचा. वाळूच्या घड्याळाचं चित्र उलटंपालटं होत राहिलं. हाश्मीभाईंचे ओठ हलत होते. बालाजीसुद्धा त्या वेळी गडावर काहीतरी पुटपुटत असणार. मी काहीच पुटपुटले नाही. मागायची सवय नसली की ऐन वेळी शब्द सापडत नाहीत.

पाटी आली नाही. कानाचं मोठं चित्र आलं आणि खाली नावांची रांग.

हाश्मीभाई बाकावर रखमाबाईंच्या शेजारी बसले. दोन्ही हात खिशातून बाहेर आले आणि गुडघ्यावर पडून राहिले. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "चंद्राबाई, नक्की झालं का? एकदा बंद-चालू करून बघू?"

मी त्यांच्या हातावर चापट मारली. सुनीता हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. लातूरच्या पोरी अभ्यास लई करतात, असल्या वेळी काय करायचं ते त्यांना कोणी शिकवत नाही.

हाश्मीभाईंनी रखमाबाईंचं मशीन घेतलं, वायर जोडली, त्यांच्या नावावर बोट ठेवलं. त्यांच्या कानाचा सगळा चढउतार तिथं जसाच्या तसा होता. मशीन लावलं, थोडं कमी-जास्त केलं, मशीन कानात घातलं.

"आजी, येतंय का ऐकू?"

बाहेर बाजारात कोणीतरी मिरच्यांचा भाव ओरडला, तिकडं तिनं मान वळवली. मग माझ्याकडं.

"कोन गं तू? मघाधरून तुझं तोंड लई चालून राहिलंय."

"बोलले काहीतरी."

"सुनेचं नाव घेत होतीस. ओठावरून कळतंय मला. बहिरी हाय, आंधळी न्हाई." ती उठली, रुमाल कमरेला खोचला. "माझी सून चांगली हाय. तुझी कशी हाय ते सांग."

मला सून नाही. ते सांगायच्या आत ती पायरी उतरून गेली, गाडी गाठायची होती.

संध्याकाळी बालाजीचा फोन लागला. तो म्हणाला, "बघा काकू, मी ओटी भरली आन् तिकडं उघडलं." मी म्हटलं, "हाव." पोरगी बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती, ती ऐकत नव्हती, म्हणून वाद घातला नाही. एवढंच वाईट वाटतं, की बालाजी गिऱ्हाइकांना ती गोष्ट सांगताना अजूनही ओटीपासूनच सुरुवात करतो. सुनीताचं नाव मध्येच कुठंतरी येतं, तेही "आमच्या एका मुलीनं" असं.

आता मी घरी आहे. यंत्रं उठली का ते बघायला आता यंत्रच ठेवलंय. ते मोबाइल बघत नाही आणि डब्यात मीठ जास्त आहे अशी तक्रारही करत नाही. मधे बालाजीनं हापीस एका मोठ्या कंपनीला देऊन टाकलं. सुनीता तिथं मोठी साहेबीण झाली. एक दिवस तिचा फोन आला.

"मावशी, नवे मालक म्हणतात, ही रेणुका कोण? सगळीकडून काढा आणि कंपनीचं नाव घाला."

"मग?"

"मी सांगितलं, नव्या यंत्रांना घाला काय घालायचं ते. जी देवीच्या नावानं जन्मली ती देवीच्याच नावानं मरतील. लातूरचा क्लास अजून त्याच्यावर चालून राहिलाय."

"त्यांना वाटलं असेल तू लई भाविक."

"वाटू द्या. फळ्यावर यावेळी देवीचं पूर्ण नाव लिहिलं, मावशी. काम झालं, पुसलं."

"काय झालं मग?"

"हात पांढरा झाला."

बालाजीला मी हे सांगितलं नाही. त्याच्या देवीला आता तोच हात लावू शकत नाही, हे ऐकून तो परत ओटी भरायला गेला असता. आणि मुखेडचं ते परकं नाव अजून तसंच आहे, पाच अक्षरं आणि एक कोरी जागा. हाश्मीभाई दर रंगसफेदीला फोन करतात, यंत्र बंद करायचं झालं की पहिल्यांदा मला. सुनीताचा नंबर आहे त्यांच्याकडे, पण तिला भीती वाटते असं ते म्हणतात. मी म्हणते, करा बंद. मग फोन तसाच कानाला लावून दोघं गप्प बसतो. वाळूचं घड्याळ तिकडं उलटंपालटं होतं, ते मला इथून दिसत नाही.

"उठलं," ते म्हणतात. आणि लगेच, "एकदा परत बघू?"